‘झटपट’ इन्सुलिन किती झटपट?



मागच्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याचा वलीमा कळवणला आमच्याच घरी झाला. मालेगावहून माझी फुफी आली होती. वय सत्तरीच्या पुढे आणि वीस वर्षांपासून शुगर. सोबत तिचा नातू होता, अकरावी सायन्सचा. दादीला इन्सुलिन तोच देतो. शुगर तपासतो, वहीत लिहितो, गोळ्यांच्या वेळा पाळतो. असा नातू अल्लाह प्रत्येक घराला देवो, असे आम्ही सगळे म्हणत होतो.

फुफी बरीच वर्षे बाटलीतले दुधाळ इन्सुलिन घेत होती. महिनाभरापूर्वी डॉक्टरांनी ते बदलले. जेवणाआधी घ्यायचे एक पेन आणि रात्री झोपताना घ्यायचे दुसरे पेन सुरू केले. जेवणाआधीच्या पेनबद्दल डॉक्टर म्हणाले, “हे रॅपिड आहे, लगेच जेवायचे.” एवढे वाक्य नातवाच्या लक्षात राहिले. बाकीची माहिती त्याने मोबाइलवर शोधली.

वलीम्याच्या रात्री पावणेनऊला त्याने दादीला नेहमीचे १० युनिट दिले. फुफीने बिर्याणी खाल्ली, आग्रहाखातर दोन चमचे जर्दाही खाल्ला. साडेनऊला त्याने शुगर पाहिली, २९८. घाबरून त्याने आणखी ८ युनिट दिले. सव्वादहाला पुन्हा पाहिली, २८४. “उतरतच नाही,” म्हणत आणखी ६ दिले. मग पाहुण्यांच्या गर्दीत तोही थकून झोपला.

साडेबाराच्या सुमारास मी भांडी आवरून आत गेले. फुफी गादीवर बसलेली होती. थंडीचे दिवस असूनही कपाळ घामाने ओले. मला पाहून म्हणाली, “बेटा, दिल बहुत घबरा रहा है,” आणि मग मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली. मशीनवर आकडा आला ४८.

गिळता येत होते, हे अल्लाहचे उपकार. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा साखरपाणी, मग ८८. थोडे दूध आणि अर्धी पोळी दिली आणि तशीच गाडीत बसवून दवाखान्यात नेली. तिथे सलाइन लावून दर अर्ध्या तासाला शुगर पाहत होते. फजरच्या अजानपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. नातू माझ्याशेजारी मान खाली घालून बसला होता. “बाजी, मी तर मिनिटे मोजून दिले होते,” एवढेच तो म्हणत होता.

मिनिटे त्याने खरोखरच मोजली होती. पण ज्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला तो आकडाच चुकीचा होता. त्याने मला तो व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस ठामपणे सांगत होता, “रॅपिड इन्सुलिन पाच मिनिटांत काम सुरू करते. अर्ध्या तासात शुगर खाली येते. दोन तासांत ते शरीरातून निघून जाते. अर्ध्या तासात शुगर उतरली नाही तर समजा डोस कमी पडला.”

ही चार वाक्ये ऐकायला सोपी आहेत. त्यांतले पहिले अर्धवट आहे आणि उरलेली तीन चुकीची आहेत. ती का चुकीची, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे म्हणून हा लेख. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्या सर्वांना इन्सुलिन लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांच्यापैकी बहुतेकांना ते घरातलेच कुणीतरी टोचते. म्हणजे मुलगा, सून, नात, नाहीतर ते स्वतः.

एक नव्हे, तीन वेळा

कोणत्याही इन्सुलिनला तीन वेळा असतात. काम सुरू होण्याची, जोर सर्वांत जास्त असण्याची आणि काम संपण्याची. मोबाइलवर सांगतात ती बहुधा फक्त पहिली वेळ. धोका असतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावणे सोपे आहे. कांद्याच्या वाफ्यांना पाणी द्यायला मोटर सुरू केली की पाणी लगेच शेवटच्या वाफ्यात पोहोचत नाही. आधी पाइप भरतो, मग चारी भिजते, मग पहिला वाफा, मग दुसरा. मोटर बंद केल्यावरही चारीतले पाणी वाफ्यात उतरतच राहते. शेवटच्या वाफ्यात अजून पाणी आले नाही म्हणून कुणी दुसरी आणि तिसरी मोटर सुरू केली तर काय होईल? थोड्या वेळाने तिन्ही मोटरींचे पाणी एकदम येईल आणि रोप वाहून जाईल. फुफीच्या शरीरात त्या रात्री हेच झाले.

आता आकडे पाहू. जेवणाआधी घ्यायच्या ज्या इन्सुलिनला डॉक्टर रॅपिड म्हणतात, म्हणजे लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट आणि ग्लुलिसीन, ते टोचल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत काम सुरू करते. त्याचा जोर एक ते तीन तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. काम संपायला तीन ते पाच तास लागतात. डोस मोठा असेल तर आणखी उशीर लागू शकतो.

या आकड्यांवर वलीम्याची रात्र मांडून पाहा. पावणेनऊला दिलेला पहिला डोस साडेनऊला जेमतेम कामाला लागला होता. त्याच वेळी बिर्याणीतला भात पचू लागला होता, म्हणून २९८ आकडा दिसला. सव्वादहाला पहिल्या डोसला दीडच तास झाला होता आणि दुसरा नुकताच सुरू झाला होता. तिसरा डोस त्यांच्यावर चढला. अकरा ते साडेबाराच्या दरम्यान तिघांचा जोर एकत्र आला आणि तोवर जेवणातली साखर संपत आली होती. डॉक्टरांच्या भाषेत याला डोसवर डोस चढणे म्हणतात. इन्सुलिन वापरणाऱ्यांची शुगर घरात अचानक उतरण्यामागे हे एक मोठे कारण असते.

म्हणून अनुभवी डॉक्टर सांगतात की जेवणाचा डोस झाल्यावर तीन-चार तासांच्या आत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, वाढलेल्या आकड्यासाठी दुसरा डोस घेऊ नये. आणि जेवणानंतरची शुगर पाहायची तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी पाहावी. अर्ध्या-पाऊण तासाने पाहिलेला आकडा खरा असतो, पण त्यावरून इन्सुलिनने काम केले की नाही हे कळत नाही.

मग रॅपिड का म्हणतात?

हे नाव जुन्या इन्सुलिनच्या तुलनेत पडले आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

१९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी ज्या मुलांना मधुमेह होई त्यांचे आईबाप फक्त दिवस मोजत. पुढची साठ वर्षे जगभर गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन वापरले गेले. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या मनात ती अडचण अजून घर करून आहे. इन्सुलिन म्हटले की ते विचारतात, “त्यात काय असते?” त्यांना सांगा की १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनसारखेच इन्सुलिन सूक्ष्म जिवाणूंकडून, आणि पुढे यीस्टकडूनही बनवले जाऊ लागले. आपल्या महाराष्ट्रातल्या वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये यीस्टपासून बनवलेले इन्सुलिन बाजारात आणले. आज डॉक्टर लिहून देतात ती इन्सुलिने याच पद्धतीची असतात.

पण या इन्सुलिनमध्ये एक अडचण होती. बाटलीत इन्सुलिनचे कण जस्ताभोवती सहा-सहांच्या गटाने एकमेकांना धरून बसतात. डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ महिलेने १९६९ मध्ये या रचनेचे चित्र उलगडले. शाळा सुटल्यावर सहा मुले हातात हात घालून अरुंद फाटकातून निघाली तर अडकतात. हात सोडून एकेक निघाली तर भराभर बाहेर पडतात. इन्सुलिनचेही तसेच आहे. कातडीखाली टोचल्यावर गट सुटेपर्यंत ते रक्तात नीट जाऊ शकत नाही. म्हणून जुने, साधे इन्सुलिन टोचून अर्धा तास थांबावे लागते.

शास्त्रज्ञांनी या कणाच्या रचनेत एक-दोन ठिकाणी छोटा बदल केला, त्यामुळे हात लवकर सुटू लागले. अशा इन्सुलिनपैकी पहिले, लिस्प्रो, १९९६ मध्ये आले. त्याला रॅपिड म्हणतात ते साध्या इन्सुलिनपेक्षा लवकर सुरू होते आणि लवकर संपते म्हणून. ते शुगर डोळ्यांदेखत खाली आणते, असा त्या शब्दाचा अर्थ नाही.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड इन्सुलिन सरळ यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडते, तेही घास पोटात पडताच. आपण ते कातडीखालच्या चरबीत टोचतो. तिथून रक्तात, रक्तातून यकृत आणि स्नायूंपर्यंत एवढा प्रवास त्याला करावा लागतो. कोणतीही कंपनी हा प्रवास पूर्ण टाळू शकलेली नाही.

पाच मिनिटांची गोष्ट आली कुठून?

व्हिडिओतल्या पहिल्या वाक्याला मी अर्धवट म्हटले. त्याचे कारण आहे. अलीकडे फियास्प आणि ल्युमजेव्ह अशी रॅपिडहूनही लवकर सुरू होणारी इन्सुलिने निघाली आहेत. फियास्पच्या युरोपातील अधिकृत माहितीपत्रकात ते टोचल्यावर सुमारे चार मिनिटांत रक्तात दिसू लागते असे लिहिलेले आहे. हे खरे आहे. पण रक्तात दिसणे म्हणजे शुगर उतरवणे नव्हे. पाहुणा कळवणच्या स्टँडवर उतरला म्हणजे तो आपल्या दारात पोहोचला असे होत नाही. याच औषधाच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात मोजता येण्याजोगा पहिला परिणाम १६ ते २० मिनिटांनी, सर्वांत जास्त जोर साधारण दीड ते सव्वादोन तासांनी आणि शेवट पाच ते सात तासांनी असे दिले आहे.

पाहा, एकाच औषधाचे किती आकडे. चार मिनिटे, वीस मिनिटे, दोन तास, सात तास. सगळे खरे. व्हिडिओ करणारा त्यांतला सर्वांत छोटा आकडा उचलतो, कारण छोट्या आकड्याला लोक थांबून पाहतात. आपल्या घरात मात्र कामाचे असतात ते मोठे आकडे.

नावांचा गोंधळ

दुसरी चूक नावांमुळे होते. भगिनींनो, हा भाग जरा सावकाश वाचा आणि आपल्या फ्रीजमधले खोके हातात घेऊन ताडून पाहा.

अ‍ॅक्ट्रापिड या नावात रॅपिड ऐकू येते, पण ते जुने साधे इन्सुलिन आहे. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. जोर दोन ते चार तासांनी येतो आणि काम सहा ते आठ तास चालते. नोव्होरॅपिड हे मात्र नव्या प्रकारचे, जेवणाला अगदी लागून घ्यायचे. एकाच्या जागी दुसरे धरले तर काय होईल? नवे टोचून कुणी अर्धा तास जेवणाची वाट पाहत बसले, तर ताट येण्याआधीच शुगर उतरू शकते. जुने टोचून लगेच जेवले, तर जेवण आधी पचते आणि इन्सुलिन मागून येते.

असेच मिश्र इन्सुलिनचे. मिक्स्टार्ड ३० आणि नोव्होमिक्स ३०, दोन्हींत ‘३०’ आहे. दोन्ही दुधाळ दिसतात, दोन्हींत लवकर आणि उशिरा काम करणारे भाग मिसळलेले असतात. पण पहिल्यासाठी अर्धा तास थांबायचे असते आणि दुसरे जेवणाला लागून घ्यायचे असते. शिवाय मिश्र इन्सुलिनचा उशिराचा भाग बराच वेळ काम करत राहतो. म्हणून केवळ शुगर जास्त दिसली म्हणून त्याचा जादा डोस घेणे फार धोक्याचे.

ओळखण्याची एक साधी खूण आहे. मिश्र इन्सुलिन दुधाळ असते, ते हळूच गोल फिरवून एकजीव करायचे असते. रॅपिड इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले तर वापरायचे नाही.

एक गोष्ट आणखी. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, तर पेनमधले १०० युनिटचे. बाटलीसाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज असते. पेन बिघडले म्हणून कुणी त्यातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने काढून दिले, तर खुणेवर १० दिसेल पण शरीरात २५ युनिट जातील. पेनचे इन्सुलिन पेननेच द्यावे, ही गाठ बांधून ठेवा.

तेच इन्सुलिन, रोज वेगळा वेग

समजा आकडे पाठ झाले, तरी ते घड्याळासारखे रोज जुळत नाहीत. पोटावर टोचलेले इन्सुलिन दंडापेक्षा आणि मांडीपेक्षा साधारणपणे लवकर शोषले जाते. ऊन, गरम पाण्याची आंघोळ किंवा टोचलेली जागा चोळणे यांमुळे वेग वाढतो. टोचल्यावर भरभर चाललो किंवा कष्टाचे काम केले तरी शुगर जास्त उतरते.

एकाच जागी वर्षानुवर्षे टोचल्याने कातडीखाली मऊ गाठी तयार होतात. तिथे दुखत नाही म्हणून वडीलधारी माणसे मुद्दाम तिथेच टोचतात. अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषले जाते. मग शुगर वाढलेली राहते, डोस वाढत जातो, आणि एखाद्या दिवशी जागा बदलली की तोच वाढलेला डोस पूर्ण लागू पडून शुगर एकदम उतरते. फुफीच्या पोटावर बेंबीच्या उजवीकडे अशी गाठ होती. दवाखान्यातल्या सिस्टरने बोटाने चाचपून ती आम्हाला दाखवली. एवढी वर्षे घरातल्या कुणी तिथे हात लावून पाहिला नव्हता.

जेवणाचाही वाटा असतो. सरबत किंवा खजूर लवकर साखर वाढवतात. तूप आणि गोश्त असलेली बिर्याणी सावकाश पचते, म्हणून शुगर उशिरापर्यंत चढत राहते. आणि साठवण! न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या खालच्या भागात ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेले पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. पण मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरात ३० अंश कुठले? फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही असे डबीत घालून, सावलीत ठेवावे. उन्हात तापलेले इन्सुलिन टोचून शुगर उतरली नाही, तर दोष वेगाचा नसतो, ते इन्सुलिनच बिघडलेले असते.

रमजानपूर्वी

आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इफ्तारला खजूर, सरबत, भजी, मग नमाज, मग जेवण. शुगर दिवसभर खाली आणि तासाभरात वर. “आकडा वाढला, टोच आणखी” हा मोह याच वेळी सर्वांत जास्त होतो. आणि सहरीला घेतलेला डोस पुढे रोज्याच्या तासांत काम करत राहतो, तेव्हा पोटात काही नसते.

२००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची एपिडायर नावाची मोठी पाहणी झाली. त्यात रमजानच्या महिन्यात शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत, लहानपणी सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात सुमारे ४.७ पट आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे ७.५ पट आढळले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी स्वतंत्र मार्गदर्शन तयार केले. त्यात स्पष्ट म्हटले आहे की शुगर ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली किंवा तब्येत बिघडल्याची लक्षणे दिसली तर रोजा सोडावा. बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनीही सांगितले आहे. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा, पण तपासणी टाळू नका.

रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा आणि विचारा, मी रोजा ठेवू शकतो का? इफ्तार आणि सहरीचा डोस किती आणि कोणत्या वेळी? आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, हे आपण मुलांना शिकवतो. ती सवलत घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आठवण करून द्यावी लागते, कारण तेच ऐकत नाहीत.

व्हिडिओ पाहताना चार प्रश्न

मी वर्गात मुलांना सांगते, उत्तर ऐकण्याआधी प्रश्न नीट वाचा. मोबाइलवरच्या प्रत्येक दाव्याला हे चार प्रश्न विचारा.

पहिला, हा कोणत्या इन्सुलिनबद्दल बोलतो आहे? नुसते ‘इन्सुलिन’ किंवा ‘रॅपिड’ म्हणत असेल आणि औषधाचे पूर्ण नाव घेत नसेल, तर तो आपल्या खोक्याबद्दल बोलत नाही.

दुसरा, तिन्ही वेळा सांगितल्या का? सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितला नाही, तर माहिती अर्धी आहे.

तिसरा, तो डोस वाढवायला सांगतो का? ज्याने आपला वजनकाटा, किडनीचा रिपोर्ट आणि वही पाहिली नाही त्याला तो हक्क नाही. किडनी कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून तोच डोस दोन माणसांत वेगळा वागतो.

चौथा, शेवटी तो काही विकतो का? मधुमेह बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. तरी ‘इन्सुलिन सोडा’ म्हणणारे काढे आणि पावडरी मोबाइलवर रोज दिसतात. आणि जो काहीच विकत नाही, फक्त चुकीचे आकडे सांगतो, त्याला जाहिरातीचा कायदा लागू होणे कठीण. तिथे आपली चाळणी आपल्यालाच वापरावी लागते.

खरे उत्तर हवे असेल तर ते घरातच असते. इन्सुलिनच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो. आपण तो कचऱ्यात टाकतो. तो इंग्रजीत असला तरी घरातल्या शिकलेल्या मुलाला वाचायला लावा. त्यावर सुरुवात, जोर आणि शेवट या तिन्ही वेळा पाहा, त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून खात्री करा.

शुगर उतरली तर

हे मात्र पाठ असू द्या. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बडबड, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही दिसले तर तपासा. मशीन हाताशी नसेल तर तपासणीची वाट न पाहता उपाय करा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या. मिठाई किंवा चॉकलेट नको, त्यांतल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, गरज पडली तर पुन्हा द्या. आकडा सावरल्यावर थोडे खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि एकदा आकडा सुधारला म्हणून झोपून जाऊ नका. इन्सुलिनचे तास संपेपर्यंत कुणीतरी जागे राहा.

फुफी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. नातू तिच्यासमोर येत नव्हता. पेन त्याने माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “बाजी, आता मी हात लावणार नाही.” फुफीने त्याला हाक मारून जवळ बसवले आणि म्हणाली, “तूच देणार. आता तुला माहीत झाले आहे. दुसऱ्याला अजून शिकायचे आहे.”

आता तिच्या फ्रीजच्या दारावर वहीचा एक कागद चिकटवलेला आहे. रोज प्रत्येक डोसपुढे तो दोन वेळा लिहितो, दिला तेव्हाची आणि संपेल तेव्हाची. दोन्हींच्या मध्ये कुणीही, कितीही आकडा दिसला तरी, डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पेन उचलत नाही. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज रात्रीच्या डोसपासून असा कागद लावा. त्याला लागते ती एक पेन्सिल आणि थोडा सब्र.